जुनजुनची निनांग

अहो, मांडवाच्या त्या टोकाला का बसलात? या, पुढे या, सतरंजीवर जागा आहे. बुवांची गाडी अजून दोंडाईच्यातच आहे म्हणतात. ते येईपर्यंत एक गोष्ट ऐका. पोथीतली नाही, निम्मी तापीकाठची आणि निम्मी समुद्रापलीकडची. पण पोथीच्या शेजारी ठेवली तर पोथी रागावणार नाही, एवढं नक्की.

गोष्ट आपल्या प्रेमराजनानांच्या पुनमची. शिरपूरच्या खाली नदीला लागून ज्यांची केळी आहे, तेच प्रेमराज. हरिपाठाला एक दिवस चुकणार नाहीत, आणि तोंडातून गरजेपेक्षा एक शब्द जास्त काढणार नाहीत. पोरीला डॉक्टर करायचं म्हणून त्यांनी तिला फिलिपिन्सला, दवाओ नावाच्या शहरात धाडलं. त्या शहराच्या भोवतीही कोसच्या कोस केळीच. "केळीमातून निंघनी अन् केळीमाच गयी," असं ते कौतुकानं सांगायचे. तीन वर्षं झाली. सुटीत पुनम महिनाभरासाठी घरी आली, आणि घरातच अडकली.

अडकली एका फोटोमुळे. चाळीसगावच्या आतेभावाच्या फोनवर तो पहिल्यांदा उगवला, तिथून भाऊबंदांच्या ग्रुपवर गेला आणि ग्रुपवरून घरोघरी. फोटोत पुनम चर्चमध्ये उभी. अंगात पांढरा झगा, एका हातात पेटलेली मेणबत्ती, दुसऱ्या हातावर तान्हं मूल. शेजारी एक परदेशी तरुण, समोर पाद्री. खाली काय लिहिलंय ते कोणाला वाचता येईना, आणि वाचायची कोणाला गरजही वाटेना.

"भाऊ, आते काय झाकशी?" चुडामणकाका आपल्या थोरल्या भावाला म्हणाले. "बठ्ठा गावनी देखं. लगीन बी व्हयनं, लेकरू बी व्हयनं, धरम बी गया. फक्त आपले आवतन नही उनं."

प्रेमराज उठले, पोरीचा फोन घेतला, पासपोर्ट घेतला, दोन्ही लोखंडी कपाटात टाकले आणि चावी करदोट्याला बांधली. ती रविवारची सकाळ. पुढच्या शुक्रवारचं तिचं मुंबईहून विमान होतं. सोमवारी कॉलेजात हजर नाही झाली तर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं की पोर पुन्हा दवाओ पाहत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चुडामणकाकांनी तर गुरुवारी धुळ्याहून एक स्थळ बोलावूनही ठेवलं. त्या घरापर्यंत अजून तो ग्रुप पोचला नव्हता.

दाराला कुलूप कोणी लावलं नव्हतं. पण उंबऱ्यावर कोणी ना कोणी बसलेलंच असे. आई सुनंदाबाई तांदूळ निवडता निवडता डोळे पुसायची. मधल्या खोलीच्या खिडकीतून पुनमला धुळ्याची एसटी जाताना दिसायची, सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि तिच्यात बसलेल्या अनोळखी माणसांचा तिला हेवा वाटायचा. गल्लीतल्या बायका विरजण मागायला यायच्या आणि तिच्या पोटाकडे बघत बसायच्या. बेबाबाई तर उघडच म्हणाली, "पोट तं काही दिसत नही व, सुनंदा."

त्यात पोरीच्या अंगात तिकडच्या सवयी भिनलेल्या. तिकडे 'हो' म्हणायचं तर माणसं तोंड उघडत नाहीत, नुसत्या भुवया उचलतात. एखादी वस्तू दाखवायची तर बोट करत नाहीत, ओठ पुढे काढून त्या दिशेला मुरडतात. हे कळेपर्यंत पुनमनं तिथे काय काय सोसलं होतं! दुकानदाराला तीन-तीनदा विचारायची, साबण आहे का. तो तीन-तीनदा भुवया उचलायचा. ही आपली हिरमुसून परत. सहा महिन्यांनी ती रीत अंगी लागली, आणि आता अंगातून निघेना.

काकांनी विचारलं, "तांब्या कथा शे?" पुनमनं सवयीनं ओठ मुरडून कोनाडा दाखवला.

"देखा, काकाले तोंड वाकडं करस!" बेबाबाईला पुरावाच सापडला.

"चहा घेशी का?" आईनं विचारलं. पुनमनं भुवया उचलल्या. चहा आला नाही. वर काका म्हणाले, "आते मायवर भुवया उडावस."

परक्या मुलखात शिकायला सहा महिने लागले, अन् त्याच शिकलेल्यापायी स्वतःच्या घरात गुन्हेगार ठरायला सहा मिनिटंही लागली नाहीत. पुनमला वाटायचं, आपण तिकडच्याही नाही उरलो आणि इकडच्याही.

वडिलांना खरं काय ते सांगायला ती तीनदा गेली. ओटीवर गेली तर ते उठून शेतात निघाले. पाठोपाठ शेतात गेली तर त्यांनी मोटर सुरू केली, आणि त्या आवाजात काय सांगणार? जेवताना तोंड उघडलं तर ताटावरून उठले. रागावून ओरडले असते तरी तिला बरं वाटलं असतं.

गावात तेव्हा सप्ताह बसला होता. आता तुम्हाला ठाऊकच आहे, सात दिवस सात रात्री वीणा खाली टेकत नाही. ज्याचा पहारा असेल त्यानं ती गळ्यात घेऊन उभं राहायचं, मुखानं रामकृष्णहरी म्हणायचं, आणि दुसरा येऊन हातात घेईपर्यंत जागा सोडायची नाही. बुधवारी दुपारी बारा ते दोन प्रेमराजांचा पहारा. देऊळ त्या वेळी रिकामं. सगळं गाव पंगतीत.

सुनंदाबाईंनी पाण्याचा तांब्या भरला आणि लेकीच्या हातात दिला. "तुना बापले पानी दी ये," एवढंच म्हणाल्या. उंबऱ्यावर बसलेल्या बेबाबाईला त्यांनी त्याच वेळी आत डाळ चाखायला बोलावलं. आईचं मन बघा, तोंडानं बोलली नाही, पण वाट मोकळी करून दिली.

पुनम देवळात शिरली. प्रेमराज खांबाजवळ वीणा घेऊन उभे. पोरीला पाहताच त्यांची मान वळली, पण पाय कुठे जाणार? पळून पळून माणूस शेवटी देवापुढेच सापडला.

"नाना," पुनम म्हणाली, "आते तुम्हले कथंच जाता येत नही."

प्रेमराजांनी डोळे मिटले आणि आवाज चढवला. रामकृष्णहरी, रामकृष्णहरी.

ती समोर फरशीवर बसली आणि सांगू लागली. त्यांचा आवाज जितका चढायचा तितका तिचा चढायचा. तिनं लोर्नाबाईचं सांगितलं, जिच्या घरी ती राहते, जिला ती तिकडच्या रीतीनं नानाय म्हणते, म्हणजे आई. पहिल्या महिन्यात पुनम नुसत्या भातावर आणि केळ्यांवर राहायची. त्या घरी तिन्ही वेळा भात, आणि भाताबरोबर मासळी, जिला ही शिवत नव्हती. तेव्हा लोर्नाबाईनं एक नवी कढई आणली, कानाला लाल दोरा बांधला आणि साऱ्या घराला बजावलं, या कढईला मासळीचा हात लागता कामा नये. तीन वर्षं लागला नाही.

"त्या घरात गेल्या पावसाळ्यात लेकरू झालं, नाना. लोर्नाबाईच्या लेकीला. सातव्या महिन्यातच. ओंजळीत मावेल एवढं. छातीत जोर नाही. जुनजुन म्हणतात त्याला."

रामकृष्णहरी.

"तिकडे मुलाचं नाव देवापुढे ठेवतात तेव्हा आईबापाखेरीज एक धर्माची आई लागते. निनांग म्हणतात. आईबापानंतर पोराचं बघायचं ते निनांगनं. त्यांनी मला विचारलं. आणि विचारलेल्या बाईनं नाही म्हटलं, तर ते पोराच्या जिवावर येतं, असं मानतात तिकडे. मी कशी नाही म्हणू? पाद्रीबाबांना मी आधीच सांगितलं, मी हिंदू आहे, तुमची वचनं माझ्या तोंडून खोटी निघतील. ते म्हणाले, मग साक्षीला उभी राहा, मेणबत्ती धर. पांढरं त्या दिवशी सगळेच घालतात. फोटोत शेजारी आहे तो पोराचा मामा. मी लग्न नाही केलं, नाना. धर्मही नाही सोडला. तुम्हाला आधी विचारलं नाही, एवढी चूक माझी. भ्याले मी."

आता देवळात नुसती वीणेची तार वाजत होती, आणि तिच्याखाली प्रेमराजांचा आवाज पार उतरलेला. रामकृष्णहरी... रामकृष्णहरी... मग त्याच सुरात, डोळे न उघडता, त्यांनी विचारलं,

"त्या पोरले कसं शे?"

पुनमला आधी कळलंच नाही की हे आपल्याला विचारलं.

"काय माहीत," ती म्हणाली. "शनिवारी निरोप आला तेव्हा ताप होता. रोज कळवतात मला. पण फोन तुमनाजोडे शे."

प्रेमराजांनी डोळे उघडले. चार दिवस. त्यांनी गळ्यातली वीणा काढली, क्षणभर पोरीकडे पाहिलं आणि तिच्या गळ्यात घातली.

"धर. खाले ठेवू नको."

आणि अनवाणीच बाहेर पडले.

पुनम उभी राहिली. वीणा जड, तार बोटाला कापते. नाना कुठे गेले? घरी, की शेतात? पुन्हा मोटर सुरू करून बसले असतील तर? इथून तिला हलताही येईना. चार दिवस माणसांनी अडकवलं होतं, आता देवानं. तिनं रामकृष्णहरी सुरू केलं.

दोन वाजायच्या आधीच पुढच्या पहाऱ्याचा नवल आला आणि दारातच थबकला. "ऑ? नाना कथा शेत? तुन्हा गळामा वीणा?"

पुनमनं नाम थांबवलं नाही. नुसते ओठ मुरडून रस्ता दाखवला. नवलनं बिचाऱ्यानं मागे वळून पाहिलं, तर खरंच प्रेमराज येत होते, धापा टाकत. मागे सुनंदाबाई, आणि त्यांच्या मागे हात नाचवत चुडामणकाका.

फोन प्रेमराजांच्या हातात होता, चालू केलेला. तो थरथरत होता, थांबतच नव्हता. चार दिवसांचे निरोप एकामागून एक पडत होते. पुनमचे दोन्ही हात वीणेवर. म्हणून बापानंच फोन तिच्या डोळ्यांपुढे धरला. तिनं वाचलं आणि तिच्या तोंडचं नाम तुटलं. नवलनं पटकन पुढे होऊन वीणा घेतली.

"न्युमोनिया झालाय," ती म्हणाली. "सोमवारपासून दवाखान्यात. नळीनं श्वास देताहेत. लोर्नाबाई विचारते, निनांग, तू गप्प का? आमच्यावर रागावलीस का?"

"भाऊ, उद्या धुळ्याना पाव्हना येतीन—" चुडामणकाकांनी सुरुवात केली.

"त्यास्ले जेवाडीसन धाड," प्रेमराज म्हणाले. त्यांनी बंडीच्या खिशातून पासपोर्ट काढला आणि लेकीच्या हातावर ठेवला. "चार दिन मी तुले कोंडं. पन कोंडायनं ते पोरगं. आजनीच गाडीवर नींघ. मुंबईले बसी ऱ्हाय, इमान भेटी तवय भेटी."

संध्याकाळच्या एसटीत पुनम बसली तेव्हा उजेड होता. आणि कीर्तन संपल्यावर, अन्नदात्यांची नावं वाचून झाल्यावर, जन्मात कधी चारचौघांत न बोललेले प्रेमराज माईकपाशी गेले. म्हणाले, तिकडे समुद्रापार आमचा एक नातू दवाखान्यात आहे. आमची पुनम त्याची धर्माची आई. त्याच्यासाठी दोन मिनिटं नाम घ्या. मांडवात कुजबुज झाली, दोघेचौघे उठूनही गेले. चुडामणकाका तर पहिले. पण उरलेल्यांनी टाळ उचलले.

पोर त्या खेपेला वाचलं. पण छाती अजून कच्चीच. दर पावसात दवाखाना ठरलेला, आणि पुनम परीक्षेचं पुस्तक घेऊन त्याच्या उशाशी. गावातली काही घरं अजून प्रेमराजांकडे पंगतीला येत नाहीत. त्यांचं त्यांच्यापाशी.

बुवांची गाडी आली वाटतं. उठा, टाळ घ्या. फक्त एवढं करा माझ्या मायबापांनो, नामाचा गजर टिपेला जाईल आणि आपलं आपलं मागणं मनात येईल, तेव्हा आपल्या लेकराबाळांच्या ओळीत शेवटी का होईना, त्या दवाओच्या जुनजुनला एकदा आठवा.