हनुवटीवरचं कुंकू

मी तबकडी. ॲल्युमिनियमची, परातीसारखी खोलगट, आभाळाकडे तोंड करून बसणारी. कानडी मुलखातल्या बोम्मसंद्र्याच्या एका शेडमध्ये मला ठोकून-घासून घडवलं आणि तिथंच तपासणीच्या खोलीत उभं केलं. आज बोलते, कारण माझ्या डोळ्यांदेखत एका पोरीवर आळ आला आणि तेव्हा मला बोलता आलं नाही.

माझ्यासमोर एक चौकोनी पेटी बसवायचे. तिच्यात चौसष्ट बारक्या अँटेना. सगळ्या एकदम बोलत नाहीत. कुणी क्षणभर आधी, कुणी मागाहून. तेवढ्यानं त्यांची रेडिओलहर कलते, माझ्यावर येऊन आपटते आणि मी तिला पुढं धाडते. मला मान हलवावी लागत नाही. कुठल्या दिशेला किती जोर जाईल याचं गणित संध्यानं कॉम्प्युटरवर मांडलं. नागपूरची पोरगी. आठ महिने तिनं डबा गरम असा खाल्ला नाही.

खंडेनवमीला इथं यंत्रांची पूजा असते. पेटी काढून टेबलावर ठेवली, सगळ्यांनी कुंकू लावलं, चुरमुरे खाल्ले. घरी जायची घाई. संध्याचे वरिष्ठ वासुदेवराव साहेब, त्यांनी स्वतःच पेटी परत बसवली.

सुट्टी संपली, मोजणी झाली. गणित सांगे उजवीकडे, लहर जाई डावीकडे. वर म्हटलं की खाली.

"अधिक-उणे चुकलंय तुझं," वासुदेवराव म्हणाले.

"सर, तीनदा तपासलं."

"सोमवारपर्यंत जमव. नाहीतर हे काम दुसऱ्याला देतो."

शुक्रवारी ती मुकाट उणे चिन्ह घालायला बसली. बरोबर गणित स्वतःच्या हातानं मोडायला! मला संताप आला. पण पत्र्याचा संताप कोण ऐकतो?

सुलभाअक्का फरशी पुसायला आली. ओणवी झाली आणि तिथूनच ओरडली, "काय गं, या पेटीला हनुवटीला कुंकू कुणी लावलं?"

"पूजेत सगळ्यांनीच लावलं की, अक्का."

"मीपण लावलं. वर, कपाळाला. खाली कोण लावतं? स्वल्प, जरा वाकून बघ."

संध्या वाकली. कपाळाचं कुंकू खालच्या कडेला आलं होतं. पेटी उलटी होती.

चार स्क्रू काढले, पेटी फिरवली. लहर गणिताच्या रेघेवर अशी बसली, जशी जुनी चप्पल पायात.

"कुणी बसवली होती ही?" मोजणी बघायला आलेले वासुदेवराव गरजले.

"तुम्हीच की साहेब. माझ्यासमोर," अक्का म्हणाली.

माफी त्यांनी मागितली नाही. खाली जाऊन तीन कॉफ्या मात्र स्वतः घेऊन आले, आणि पहिली अक्काच्या हातात दिली.

आता माझ्याहून मोठी तबकडी आली आहे. मी शेडच्या मागं उन्हात पडून असते. अक्का माझ्यात मिरच्या वाळवते. माझी तक्रार नाही; मिरच्या कामाच्या असतात. एवढंच मागते : कष्टाचं गणित खोटं ठरवण्याआधी, साहेब असाल तरी, एकदा कमरेत वाका.