दोन ब्रेकांची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी डिझेल गाडी आहे आणि सध्या माझा भाव चांगलाच वधारला आहे. शेवटची काही वर्षे रस्त्यावर धावत होते तेव्हा माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हते. आता मला मोडीत काढायचे ठरले, तर सरकार माझ्या बदल्यात नवी, बिनधुराची गाडी घ्यायला पैसे देते. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच! आज मी भंगाराच्या यार्डात कुंपणाला टेकून उभी आहे. माझ्या पुढच्या काचेवर कोणीतरी पांढऱ्या रंगाने भलामोठा आकडा लिहिला आहे. यंत्राखाली जायची माझी पाळी यायला अजून थोडा अवकाश आहे. तेवढ्यात माझी हकीकत सांगून टाकते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा दाबला, जोडला, रंगवला, इंजिन बसवले, आणि अगदी शेवटी एका बाईने माझे प्रत्येक दार लावून त्याचा आवाज कान देऊन ऐकला. चौथ्या दाराला तिने मान हलवली आणि ते पुन्हा बसवायला लावले. तिचे माझ्यावर मोठे उपकार आहेत, कारण ते दार पुढे हजारदा आपटले गेले, तरी कधी कुरकुरले नाही. तुम्हाला गंमत वाटेल, पण त्या काळी सरकारची सवलत मला विकत घेण्यासाठी होती. डिझेल थोडे पिते, लांब पल्ला धावते, म्हणून मला शहाणी गाडी म्हणत. लोक माझ्या बॉनेटवर हात फिरवून एकमेकांना सांगत, "घ्यायची तर हीच घ्या." शहाणपणही काळाप्रमाणे बदलते, हे तेव्हा मला कुठे ठाऊक होते?

मला घेतले ते एका ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी. सगळे गाव त्यांना मास्तरच म्हणायचे. त्यांनी मला पहिल्याच दिवशी त्यांच्या मिस्त्रीकडे नेले. या मिस्त्रीला सगळे नटबोल्ट म्हणत. खरे नाव फक्त त्याच्या आईला माहीत असावे. नटबोल्टने शेजारच्या सीटपुढे माझ्या तळाला भोके पाडली आणि तिथे आणखी एक क्लच आणि आणखी एक ब्रेक बसवला. भोके पाडताना मला फार दुखले. पण त्यानंतर माझ्या डोक्यावर 'शिकाऊ'ची पाटी चढली आणि मी साधी गाडी राहिले नाही. मी शाळा झाले.

काय सांगू मित्रांनो, किती माणसे माझ्यात बसून घाबरली! पोलीस घाबरले, डॉक्टर घाबरले, गल्लीत सगळ्यांवर ओरडणारा एक दूधवाला तर स्टिअरिंग धरताच देवाचे नाव घ्यायला लागला. मास्तर शेजारी बसून खिडकीबाहेर बघत राहायचे. बघणाऱ्याला वाटावे, यांचे लक्षच नाही. पण त्यांचा पाय त्या दुसऱ्या ब्रेकवर असायचा. शिकणाऱ्याला उशीर झाला की मास्तर हळूच ब्रेक दाबत, इतका हळूच की गाडी आपणच थांबवली असे त्या बिचाऱ्याला वाटे. मग मास्तर म्हणत, "शाबास! वेळेवर थांबवलीत." माणसाचा धीर सुटला की तो पुन्हा गाडीला हात लावत नाही, असे त्यांचे मत होते. ही लबाडी फक्त त्यांना आणि मला माहीत होती. निदान मी तरी तसे समजत होते.

मास्तरांची मुलगीही माझ्यातच शिकली. बुटकी होती, म्हणून पाठीशी दोन उशा घेऊन बसायची. पुढे तिला शहराच्या बससेवेत नोकरी लागली. आता ती विजेवर चालणारी मोठी बस चालवते. ती पहिल्यांदा गणवेश घालून आली तेव्हा मास्तर तिच्याकडे एकदा बघून बाहेर पडले. गॅरेजमध्ये येऊन त्यांनी मला धुतले, आणि धुताना ते रडत होते.

पण दिवस सारखे राहत नाहीत. माझे वय झाले. सकाळी सुरू व्हायला मी कुरकुर करू लागले, आणि सुरू झाले की काळा धूर सोडू लागले. समोर एक शिवणकाम करणाऱ्या बाई राहत. त्यांच्या दुकानाबाहेर पांढरे कपडे टांगलेले असत. त्या रोज हाक मारून म्हणत, "मास्तर, आता मी पांढरं शिवायचंच सोडते. तुमच्या गाडीला शोभेल असं काळंच शिवते!" आधी मास्तर हसायचे. पुढे बाईंना सारखा खोकला यायला लागला. मग त्यांनी बोलणे सोडले आणि माझा आवाज आला की त्या शटर खाली ओढू लागल्या. त्या शटरचा आवाज मला फार लागे. मी काय करणार? धूर माझ्या पोटातला होता, त्याला दुसरी वाट नव्हती.

शिकणारेही कमी झाले. लोक नव्या गाड्यांच्या स्कूलकडे जाऊ लागले. मास्तरांनी माझा फिल्टर बदलणे लांबणीवर टाकले, मग काचेच्या वायपरचे रबर, मग सीटचे फाटलेले कव्हर. मी आठवडाभर अंगावर धूळ घेऊन उभी राहत असे. आणि एके दिवशी नियम आला: शहराच्या मधल्या भागात धूर सोडणाऱ्या गाड्यांना बंदी. लायसनची परीक्षा नेमकी तिथल्याच रस्त्यांवर होते. म्हणजे नवी गाडी आली नाही, तर मास्तरांची शाळा बंद. आणि नवी गाडी घेण्याची त्यांची ऐपत नव्हती.

त्याच संध्याकाळी मुलगी गॅरेजमध्ये आली. मास्तर माझ्याच शेजारच्या सीटवर बसले होते.

"बाबा, जुनी गाडी दिली की विजेच्या गाडीवर मोठी सूट मिळते. ड्रायव्हिंग स्कूल असेल तर जास्तच. उरलेलं मी बघते."

"आणि त्या गाडीला क्लच असतो का गं?"

"नाही. गिअरही नसतो."

"मग मी शिकवू काय? चढावर अर्धा क्लच धरायला शिकवण्यात माझा जन्म गेला. तिथं नुसतं बसून राहू?"

"बाबा, माझ्या बसलाही क्लच नाही. पण समोर माणूस आला की मी तुमच्यासारखीच थांबते. ते कोणी शिकवलं मला?"

 दुसऱ्या दिवशी मास्तर तिच्या बसमध्ये बसून शहरभर फिरून आले, आणि आल्यावर माझ्यात बसून नटबोल्टला सांगू लागले, "तिच्या मागंच उभा होतो. एक म्हातारा मध्येच रस्त्यात उतरला. माझा पाय आपोआप खाली गेला रे! खाली ब्रेक कुठला असायला? पण माझा पाय टेकायच्या आधी तिनं गाडी थांबवली होती." एवढे बोलून त्यांनी माझ्या डॅशबोर्डवरून हात फिरवला. मग म्हणाले, "देऊ या हिला." हिला म्हणजे मला.

मित्रांनो, मला वाईट वाटले, हे लपवणार नाही. पण माझ्या जाण्याने त्यांची शाळा राहणार होती. एवढे काम आजवर माझ्याकडून कधी झाले नव्हते.

एक अट होती. गाडी स्वतःच्या इंजिनावर चालत यार्डात यायला हवी आणि कागदावर नोंदली आहे तशीच अख्खी असायला हवी. नटबोल्टने माझा फिल्टर बदलला, बॅटरी चार्ज केली. "मरायला निघालीय, पण नटून निघालीय," असे म्हणत त्याने मला पुसूनही काढले. तो गेल्यावर मास्तर पाना घेऊन आले. ते माझ्यात ओणवे झाले आणि त्यांनी दुसरा क्लच आणि दुसरा ब्रेक काढून घेतला. दोन्ही एका जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून पिशवीत ठेवले. ब्रेकचा रबरी तळवा त्यांच्या बुटाने झिजून गुळगुळीत झाला होता. त्यांना तेवढेच माझे हवे होते.

यार्डात मुलगी मला घेऊन आली. मास्तर शेजारी, पिशवी मांडीवर. तपासायला एक तरुण बाई आल्या. त्यांनी दारे बघितली, इंजिन बघितले, आणि मग शेजारच्या सीटपुढे वाकल्या.

"मास्तर, इथली पेडलं कुठं गेली?"

"नव्हतीच," मास्तर म्हणाले. आयुष्यभर दुसऱ्यासाठी लबाडी केलेल्या माणसाला स्वतःसाठी ती नीट जमली नाही. माझ्या तळात नुकतीच उघडी पडलेली, स्वच्छ भोके दिसत होती. मुलीने ती पाहिली आणि तिचा चेहरा उतरला.

"बाबा, काय केलंत हे? अख्खी दिली नाही तर सूट मिळणार नाही. सवलतीचा आज शेवटचा दिवस आहे!"

तपासनीस बाई सरळ उभ्या राहिल्या. "मास्तर, मला ओळखलंत का? मी तुमच्याकडेच शिकले. शाळेसमोरच्या वळणावर एक मुलगी सायकलवरून आडवी आली होती, आणि तुम्ही मला शाबास म्हणालात. ब्रेक मी दाबलाच नव्हता. माझा पाय तेव्हा हवेत होता. मला सगळं माहीत होतं."

मास्तरांनी मान खाली घातली.

"तेव्हा तुम्ही माझ्यासाठी ब्रेक दाबलात," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "आज मी लिहिते, पेडलं जागेवर आहेत म्हणून. न्या ती घरी."

 सूटही मिळाली असती आणि पेडलेही घरी गेली असती. कोणाला कळणार होते?

"ही अट का घातलीय गं?" मास्तरांनी विचारले.

"लोक सूट घेतात आणि इंजिन काढून दुसऱ्या गाडीत घालतात. गाडी मोडते, पण धूर तसाच फिरत राहतो. म्हणून सगळं इथंच राहायला हवं. पण तुमच्या पेडलांतून काही धूर निघत नाही, मास्तर."

"नाही निघत. पण तू खोटं लिहिणार माझ्यासाठी, आणि उद्या दुसरा येईल तो इंजिन घेऊन जाईल. तेव्हा त्याला तू कोणत्या तोंडानं नाही म्हणशील?" मास्तरांनी पिशवी उघडली. "शिकणाऱ्यासाठी केलेली लबाडी वेगळी. मी काही शिकाऊ नाही. पाना आहे का इथं?"

मग त्या वयात मास्तर यार्डातल्या मातीत गुडघे टेकून माझ्यात वाकले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने पेडले पुन्हा बसवली. एक नट काही केल्या फिरेना. मुलगी पुढे झाली, तर त्यांनी तिला थांबवले. शेवटी तो बसला. तपासनीस बाईंनी खरे तेच लिहिले, सही केली, आणि सूट मंजूर झाली. शाळा वाचली. मुलीने डोळे पुसले.

आता एकच काम उरले होते. माझे इंजिन पुन्हा कोणाच्या उपयोगी पडू नये म्हणून तेल काढून त्यात एक द्रव ओततात आणि ते जाम होईपर्यंत जोरात फिरवतात. मालक सहसा बाहेर थांबतात. मास्तर बाहेर थांबले नाहीत. ते त्यांच्या नेहमीच्या सीटवर येऊन बसले. यार्डातल्या कामगाराने अॅक्सिलरेटर दाबला. मी ओरडले. मागून काळ्या धुराचा लोट निघाला. मास्तरांचा पाय दुसऱ्या ब्रेकवर गेला आणि त्यांनी तो सगळ्या ताकदीने दाबून धरला. पण ब्रेक चाके थांबवतो, इंजिन थांबवत नाही. हे त्यांच्याइतके कोणाला माहीत होते? तरी त्यांनी पाय काढला नाही. मग माझ्यात काहीतरी घट्ट आवळले गेले आणि सगळे शांत झाले.

कामगार उतरून गेला. मुलगी दाराशी आली. "बाबा, चला. झालं सगळं."

"थांब जरा. इंजिन तापलंय तिचं. गार होऊ दे."

आणि माझे बॉनेट हाताला गार लागेपर्यंत ते माझ्यात बसून राहिले.

मित्रांनो, तुमच्याही घरी बिनधुराची गाडी येईल. सूट मिळाली तर जरूर घ्या, त्यात कमीपणा नाही. कोणाच्या घरात तुमच्या गाडीमुळे खोकला वाढणार नसेल, तर ती सूट सत्कारणी लागली असे समजा. पण लक्षात ठेवा, सूट मिळते ती गाडी घेण्यासाठी. तिला पुसायला, वेळेवर मिस्त्रीकडे न्यायला, तिच्या चाकांतली हवा बघायला कोणी एक पैसा देत नाही. माझा फिल्टर वेळेवर बदलला असता, तर समोरच्या बाईंनी इतकी वर्षे शटर ओढले नसते. तेवढी काळजी तुमची तुम्हीच घ्या. आणि तिचेही दिवस भरले की तिला अडवू नका. तिचा एखादा तुकडा घरी ठेवावासा वाटेल, तो मोह आवरा. तिला अख्खी जाऊ द्या. फक्त जाण्याआधी ती गार होईपर्यंत तिच्याजवळ बसा.