शेषरावांची रुई आणि माझी नजर

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. अकोल्याच्या एका प्रयोगशाळेतल्या कपाटात, पिवळ्या पडलेल्या प्लॅस्टिकखाली बसलेलो असतो. बाहेरचे नवे यंत्र माझ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. न पाहीना का! मित्रांनो, एके काळी माझाही थाट होता.

मला सांभाळत ते शेषराव, बार्शीटाकळीकडचे. नोकरी प्रयोगशाळेत, जीव मात्र वावरात. ती वर्षे कास्तकारांना फार कठीण गेली. बोंडे धड भरत नव्हती, तरी शेषराव सकाळी कापूस वेचून मगच कामावर येत. घरच्या रुईचा मऊ बोळा करून, लेकराचे तोंड पुसावे तशी माझी भिंगे पुसत. मला ते फार आवडायचे.

एकदा कुर्बानभाईंच्या फुप्फुसाचा तुकडा आमच्याकडे आला. ऑपरेशनात काढलेला. अकोटच्या एका तेल मिलमध्ये ते बॉयलरच्या नळ्यांवर अ‍ॅस्बेस्टॉसचा दोर गुंडाळत. या खनिजाचे तंतू आगीला दाद देत नाहीत, पण श्वासातून आत गेले की फुप्फुसात ठाण मांडतात.

कुर्बानभाईंची बायको जहाँआरा आमच्या प्रयोगशाळेच्या डॉक्टर आकांक्षाताईंपुढे उभी राहिली. "सारे म्हणतात बिडीनं झालं. यायनं जिंदगीत बिडीले हात नाही लावला. आता दानियालले, माह्या दिराले, सोमवारपासून त्याच कामावर बोलावलं हाय. धाडू का नको?"

शेषरावांनी अर्धा तुकडा राखून ठेवला. उरलेल्याचे मांस द्रावणात विरघळवले, पाणी गाळले, गाळणकागद काचेवर ठेवून मोजायला बसले. तंतूच तंतू! घाईघाईने त्यांनी आकडा लिहिला. ताई म्हणाल्या, "आता नुसतं पाणी गाळून तो कागदही मोजा."

त्या कोऱ्या कागदावरही तंतूच तंतू दिसले. शेषरावांचा चेहरा उतरला. मग नीट पाहिले तर चपटे, पिळदार धागे.

"मॅडम, मी आपल्याच वावरातला कापूस मोजला नं!"

बोळ्यातली रुई, सदऱ्यावरची रुई, सारी काचेवर उतरली होती. मला वाटले, आता जहाँआराचे कोण ऐकणार?

शेषरावांनी सदरा बदलला, खिडक्या लावल्या, बोळा फेकला आणि राखलेला अर्धा तुकडा घेतला. आधी कोरा कागद पाहिला, तो स्वच्छ निघाला. मग कुर्बानभाईंचा. सरळ, बारीक तंतू, काहींवर फुप्फुसातच साचलेले तपकिरी मणी. हे अ‍ॅस्बेस्टॉसच. माझ्या नजरेत न मावणारे आणखी किती असतील कोण जाणे. पण जेवढे दिसले तेवढे पुरे होते.

सोमवारी दानियाल कामावर गेला नाही. कुर्बानभाई मात्र पुढच्या पावसाळ्यात वारले. मला फार वाईट वाटले.

मित्रांनो, जुन्या बॉयलरचे दोर, अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे मोडके पत्रे फोडत बसू नका. आणि कुणाच्या माथी बिडी मारण्याआधी एकदा कोरा कागद पाहत जा.

त्यानंतर शेषरावांनी मला कधी रुई लावली नाही. कागदाने पुसत. तो मऊ बोळा मला अजून आठवतो. पण निवृत्त होताना ते माझ्याजवळ येऊन सांगून गेले, "दानियाल परतवाड्याले जीप चालवते. शिटा भराले असा बोंबलते, साऱ्या स्टँडले ऐकू जाते!"