आमच्यासारखे चालतात का?

बूच अजून कोमट होतं. कॉर्कचं, कडेनं झिजलेलं, मधोमध अंगठ्याच्या दाबानं खळगा पडलेलं... सिद्धेशनं ते पांढऱ्या कागदावर ठेवलं, फोटो काढला, आणि मग उगाच पुन्हा उचलून नाकाशी नेलं. आल्याचा वास.

"लवकर आटप. माझं पाणी निवतंय," समोरून क्वान आंटी म्हणाल्या.

थर्मास त्यांचाच. पत्र्याचा, वर रंगवलेली फुलं. बाळंतिणींच्या मजल्यावर नर्स होत्या तेव्हापासूनचा, आणि अजून रोज वापरातला. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधलं हे छोटं हॉस्पिटल, आंटी इथंच जन्मल्या, इथंच नोकरी केली, आणि आता रिटायर होऊनही रोज येऊन बसायच्या. सिद्धेश इथं आयटीत. सध्या मात्र त्याच्याकडे भलतंच काम आलं होतं – लॉबीत मोठा स्क्रीन लावायचा, त्यावर हॉस्पिटलचा इतिहास. जुने फोटो, वस्तू, खाली दोन-दोन ओळी.

त्या ओळी त्याला पाठच झाल्या होत्या. शहरातली बाकीची हॉस्पिटलं चिनी माणसाला दारातूनच परत पाठवायची. मग लाँड्रीवाले, खानावळवाले, बोटीवर राबणारे, सगळ्यांनी मिळून आधी एक दवाखाना काढला, मग ही इमारत उभी केली... टाइप करताना तो हे वाचायचा, स्पेलिंग तपासायचा, सेव्ह करायचा. डोकं दुसरीकडेच असायचं. डोकं बायकोकडे, हिमानीकडे.

हिमानीला आठवा संपत आला होता. तिला आई नाही, म्हणून नागपूरहून सिद्धेशची आईच येणार होती. डिंक आणून, निवडून, तळून ठेवला होता तिनं. जुन्या सुती साड्या फाडून दुपटी शिवली होती. आणि वकिलातीत खिडकीपलीकडच्या माणसानं तिला दोन प्रश्न विचारून पासपोर्ट परत सरकवला. व्हिसा नाही. आई फोनवर म्हणाली, "जाऊ दे रे, मी व्हिडिओवर सांगते शेक कसा द्यायचा ते." – आणि मग व्हिडिओ बंदच करून बोलली. तेव्हाच त्याला कळलं.

घराजवळ, खाडीच्या ब्रिजपलीकडे अलामेडात, चकचकीत मोठं हॉस्पिटल होतं. सगळ्या मित्रांची पोरं तिथलीच. कुशच्या बायकोला डिलिव्हरी झाल्या झाल्या नर्सनं हातात काय दिलं, तर बर्फ घातलेलं पाणी, मोठा ग्लासभर! ग्रुपवर सगळे हसले होते. हिमानी हसली नव्हती. रात्री भांडी पुसता पुसता एवढंच म्हणाली, "मला कुणी तसं दिलं ना, तर मी रडेन. पाण्यासाठी नाही रे..." आणि वाक्य तिथंच सोडलं. नाव कुठं नोंदवायचं ते आज संध्याकाळपर्यंत ठरवायचं होतं.

आणि इथं – वरच्या मजल्यावर – बाळंतिणीला गरम पाणी, आल्याचं सूप, डोक्याला टोपी, अंगावर वारा नको... वर्षभर हे रोज बघून तो घरी जाऊन सांगायचा, अगं, अगदी आपल्यासारखं! मग इथंच का नको? पण त्याला वाटायचं, हे आपलं नाही. ह्यांनी घाम गाळून उभं केलेलं, ह्यांच्या माणसांसाठी. आपण पगारापुरते. आपण मधेच जाऊन बायकोसाठी खाट मागायची म्हणजे दुसऱ्याच्या लग्नात पंगतीला बसल्यासारखं...

"आंटी," तो म्हणाला. आणि त्याचा आवाज एकदम खिडकीसमोरचा झाला – प्रत्येक ऑफिसात, प्रत्येक काउंटरवर तो जो काढायचा तोच, मऊ, आधीच माफी मागितलेला. "एक विचारायचं होतं. माझ्या बायकोची डिलिव्हरी... म्हणजे, इथं आमच्यासारखे चालतात का?"

आंटींनी त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या लॅपटॉपकडे. स्क्रीनवर पहिलंच पान उघडं होतं. त्या हसतील असं त्याला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

"माझ्या आजीनं विचारलेलं हे," त्या म्हणाल्या. "हेच. दुसऱ्या एका दारात उभं राहून, पोटात माझी आई. आणि तू मला *इथं* विचारतोस?"

त्याचे कान तापले. दोन महिने... दोन महिने आपण हेच टाइप करत होतो की! आणि शेवटी परवानगी मागायला सापडली तर नेमकी हीच जागा.

"सॉरी, आंटी, मला तसं..."

"सॉरी काय? बायकोला काय आवडतं खायला ते सांग. पायाचं सूप खाते का?"

"शाकाहारी आहे."

"अरे देवा!" खरा धक्का त्यांना आत्ता बसला होता. "मग बाळंतीण काय गवत खाणार?"

"लाडू," तो म्हणाला. "डिंकाचे. म्हणजे झाडाचा चीक असतो, तो तुपात तळून..."

"झाडाचा चीक," आंटी पुटपुटल्या, आणि मोठ्या अविश्वासानं मान हलवत राहिल्या. "आईला म्हणावं पाठव. आधी मी खाऊन बघणार."

लॉबीत येऊन त्यानं हिमानीला फोन लावला. एका दमात सगळं सांगितलं.

"आणि ब्रिजवरच झालं तर? नाव काय, टोलनाका ठेवायचं?"

"हिमानी..."

"तुम्ही नागपूरकर, कुणी दोन शब्द गोड बोललं की लगेच घरचे." ती हसत होती. मग थांबली. "खरं सांग सिद्धेश. तिथं आपलं कोण आहे?"

एरवी त्याच्याकडे उत्तर तयार असतं. प्रत्येक प्रश्नाला, कागदपत्रांसकट. आत्ता आंटींचं नाव घ्यावं, तर ते खरंही होतं आणि पुरेसंही नव्हतं. आणि हिमानी नाही म्हणाली असती तर तेही तिचं बरोबरच असतं. शेजारच्या खुर्चीवर एक आजोबा संत्रं सोलत होते, दारातून कुणी ना कुणी आत येत होतं, कुणी कुणाला विचारत नव्हतं. फोनमध्ये हिमानीचा श्वास ऐकू येत होता, ती वाट बघत होती. पण आईचा व्हिडिओ बंद झाल्यापासून छातीत जे गच्च आवळून धरलं होतं ते कधीतरी, त्याच्या नकळत, सैल झालं होतं, आणि त्याला चक्क भूक लागली होती.