पुलाशी थांबलेला सहावा भाग

मी एक जुनी गेमची डिस्क आहे. जपानमध्ये पंचवीस-तीस वर्षांपासून चालत आलेल्या एका लांबलचक गोष्टीचा मी सहावा भाग. खरं सांगायचं तर त्याची नक्कल. गोंदियाच्या बाजारात चुन्नीलालच्या दुकानात माझा जन्म झाला. पन्नीत खर्रा घोटता घोटता त्याने मला यंत्रातून काढले आणि त्याच बोटांनी माझ्या पाठीवर काळ्या पेनाने '६' लिहिला. मित्रांनो, जगात आल्यावर मला पहिला वास आला तो तंबाखू-सुपारीचा. आजही आठवले की शिसारी येते.

गोरेगावच्या दुधरामच्या दोन लेकरांनी, हिमांशू आणि गुंजनने, मला घरी आणले. तेव्हा तो चौदाचा होता, ती नऊची. घरात जुने गेमचे यंत्र आणि डबा टीव्ही होता, पण खेळ साठवून ठेवायचे मेमरी कार्ड नव्हते. यंत्र बंद केले की सगळे पुसले जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा गावापासून सुरुवात. रोज ती दोघे एका नदीच्या पुलापर्यंत पोचत आणि रोज वीज जाई. "मोठे झालो की पुलाच्या पलीकडं जाऊ," असे एकमेकांना सांगत. एवढे ते प्रेम, पण वागणूक? मुरमुऱ्याच्या तेलकट हातांनी मला उचलायचे, शर्टाच्या बाहीने पुसायचे. एकदा कुंदाबाईंनी, म्हणजे त्यांच्या आईने, माझ्यावर चहाचा ग्लास ठेवला. तो ओला गोल मी कसा सोसला ते माझे मला ठाऊक.

पुढे मुले मोठी झाली आणि मी कपाटामागे गेलो. तिथे झुरळांनी संसार थाटला. त्याबद्दल मी अधिक बोलणार नाही.

या वर्षी हिमांशूची निमलष्करी दलात निवड झाली. एकवीस दिवसांनी निघायचे, मग वर्षभर प्रशिक्षण, तिथे मोबाईलही मोजकाच मिळणार. त्याने चुन्नीलालकडून जुने मेमरी कार्ड मिळवले, मला झुरळांतून ओढून काढले आणि बहिणीला म्हणाला, "गुंजे, जायच्या आधी पूल पार करू." मला वाटले, माझ्या जन्माचे सार्थक झाले.

पण तो कार्ड आणायला गेला तेव्हा चुन्नीलालने बाकीचे भागही त्याच्या पिशवीत कोंबले होते. एक ते तेरा! आता प्रश्न पडला, सुरुवात कुठून करायची?

"पहिल्यापासूनच," हिमांशू म्हणाला. "वरची बांधी भरल्याबिगर खालच्या बांधीत पानी जाते का?"

यात त्याचा दोष नाही. दुधरामने आयुष्यभर गावच्या तलावाचे पाणी वाटले. वरच्या बांधीतून खालच्या बांधीत, धानाच्या शेताशेताला पाणी कसे उतरते, हे पाहत पोरगा वाढला. पण आमच्या गोष्टीत प्रत्येक भागाचा देश वेगळा, माणसे वेगळी. पहिला भाग माझ्यात उतरत नाही आणि मी सातव्यात उतरत नाही. हे ओरडून सांगायला मला तोंड कुठे होते?

पहिला भाग लावला तर तो ओरखड्यांनी मेलेला. मग नागपूरच्या उमेंद्र मामाला फोन. मामाकडून दुसरी प्रत यायला आठ दिवस लागले आणि ती आली सगळी जपानी अक्षरांत.

"दादा, एक अक्षर समजून नाही राहिलं," गुंजन म्हणाली. "सहावा हाय ना हातात, मंग कायले पहिल्याच्याच मागं लागला?"

"अधुरं कायले खेळाचं?"

मग दोघे मोबाईलवर बसली. तिथला एक शहाणा म्हणे सातव्यापासून, दुसरा म्हणे दहाव्यापासून, तिसरा आधीच्या दोघांना शिव्या देई. ज्यांनी मला कधी यंत्रात फिरवले नाही ते माझी प्रतवारी लावत होते. हिमांशूने वहीत तक्ता काढला, खोडला, पुन्हा काढला. मला त्या वहीची किळस आली, त्या मोबाईलची आली, आणि खोटे कशाला बोलू, त्या दोन गुणी लेकरांचीही आली. दिवस असे गेले आणि एकविसावा उजाडला.

त्या दुपारी पिशवी भरून ठेवली होती आणि तरीही दोघे भांडत होती. दुधराम पाय धुऊन आत आला.

"काऊन बोंबलून राहिले रे?"

हिमांशूने सगळे सांगितले. दुधराम खाटेवर बसला.

"आपला धानाचा रोवणा कोनत्या बांधीतून सुरू होते?"

"जिथं चिखल तयार असते तिथून."

"मंग? रोवण्याले कोनी वरची-खालची बांधी पाहते का? तू पानी वाटत बसला बेटा. पोरीसंग बसाचं होतं तर हे रोवण्याचं काम होतं."

हिमांशूने मला उचलले आणि पहिल्यांदाच, कडांना धरून यंत्रात ठेवले. गुंजनने गोष्टीतल्या वीराला नाव दिले, दुधराम. खरा दुधराम खाटेवर बसून स्वतःला तलवार चालवताना पाहत होता आणि हसत होता. दोन तास चाळीस मिनिटे. पूल दिसू लागला तेव्हा कुंदाबाईंनी हाक दिली. शेवटची एसटी निघायची वेळ झाली होती. गुंजनने खेळ साठवला.

त्याला आता चार महिने झाले. मी यंत्रातच आहे. दर रविवारी गुंजन मला बाहेर काढून धुतलेल्या सुती कापडाने पुसते आणि पुन्हा आत ठेवते. अशी सेवा मला कधी लाभली नव्हती, पण ती मला फिरवत नाही. दुधराम अधूनमधून विचारतो, "तो दुधराम पार झाला का वो?"

"दादा येऊ दे, बाबा," ती म्हणते.

मित्रांनो, चहाचा गोल गेला, झुरळांचा वासही गेला. ते वीस दिवस मात्र कोणत्या कापडाने पुसायचे? म्हणून कुठून सुरुवात करू, असे कोणी विचारले तर माझे सांगणे एवढेच. जो भाग हाताशी असेल तो लावा, हात धुऊन लावा. आणि शेजारी बसणारे कोणी जाणार असेल, तर आजच लावा.