इर्जिकीच्या दिवशी गेट अडलं

शकुबाईनं गेटला पुन्हा एक लाथ घातली आणि पायालाच लागलं. लोणावळ्याच्या वरच्या अंगाचा हा बंगला मुंबईच्या म्याडमचा. गेटला कुलूप नाही, कडी नाही. शकुबाई झाडलोटीला आली की म्याडम तिकडून मोबाइलवर बोट टेकवायची आणि इकडं गेट सरकायचं. जातानाही तसंच. लाइट गेली तरी बंगल्याचा इन्व्हर्टर चालू असे, पण सगळं शहाणपण मोबाइलात, आणि आज ती आत आल्यावर रेंजच गेली. भिंतीवर काचा खोचलेल्या.

दिवस तरी कुठला, तर इर्जिकीचा. खाली तिच्या खाचरात अर्धं गाव बिनमजुरीनं भात लावत होतं. त्याबदली गावाला दुपारचं पोटभर जेवण लागतं. इर्जिकीला बोलावून उपाशी ठेवलं, तर पुढच्या साली बांधावर कुत्रंही फिरकत नाही. तिनं पहाटेच मटण शिजवून भाकऱ्यांची चवड लावली होती. पण म्याडमला खाडा खपत नाही, म्हणून घराला कुलूप घालून ती घटकाभरासाठी इकडं आली. किल्ली तिच्याच कमरेला.

गच्चीवरून तिनं हाका मारल्या. पावसात कुणाला ऐकू जाईना. लावणीची माणसं कंबर सरळ करून घराकडं बघू लागली, तसा तिचा जीव कासावीस झाला.

शेवटी तिचा दीर जानू गेटशी आला, चिखलानं भरलेला. गावच्या मोबाइल टॉवरवर तो राखणीला असे.

"वैनी, जेवान कुटं हाय? सोपानभाऊ तोंड लपवत फिरतोय."

"तुज्या भावाला सांग, मी कोंडलीया. लाइट गेली, टावर बंद, गेट उघडंना. तितला जनरेटर कोन लावतंय?"

"कोन लावनार? मी तुमच्या खाचरात हाय की सकाळपासनं. तुमीच आवतान दिलंत."

शकुबाईला हसावं का रडावं कळेना. तिनं आपल्याच हातानं स्वतःला कोंडून घेतलं होतं.

"जातो टेकडीवर, लावतो," जानू म्हणाला.

टेकडी चढेपर्यंत माणसं उठून घरी गेली असती. तिनं कमरेची किल्ली सोडून गजांतून बाहेर दिली.

"आदी घर उघड. समद्यास्नी वाढ, तू बी जेव. टावरचं मागनं."

"आन् तुमी?"

"मी कुटं जानार हाये."

पडवीत पंगत बसलेली तिनं गच्चीवरून पाहिली. जिवाचा घोर गेला. पण आपल्या घरची पंगत आणि वाढायला आपण नाही, हे तिला फार लागलं. पदरानं डोळे पुसत ती उपाशीच बसून राहिली.

दिवस कलल्यावर टॉवरचा जनरेटर लागला, रेंज आली आणि म्याडमच्या बोटानं गेट सरकलं. लगोलग खांबावरचा कॅमेरा बोलला. नेट येताच त्यानं साठवलेलं सगळं मुंबईला धाडलं होतं.

"शकुबाई, गेटवर तो चिखलाने माखलेला माणूस कोण होता? अशा लोकांना आत घ्यायचं नाही, सांगितलंय ना?"

"आत न्हाई घेतला, म्याडम. त्येनंच तुमचं गेट चालू केलं."

पुढचं ऐकायला ती थांबली नाही. खाचरात लावणी उरकली होती. पण रोपांची शेवटची मूठ घरधनिणीनं लावायची, असा त्यांच्यात रिवाज. कोपऱ्यात वीतभर जागा मोकळी ठेवून सगळी माणसं बांधावर भिजत उभी होती. घरी कुणीच गेलं नव्हतं.