टॉवेलाखालचा सौदा

टेबलावर चार अल्बम होते आणि चार अल्बमांत मिळून सातशे बारा कार्डं. क्रिकेटपटूंची तीनशे अठरा, पैलवानांची दोनशे सहा, जपानी कार्टूनमधल्या राक्षसांची आणि ड्रॅगनची एकशे अठ्ठ्याऐंशी. यांतली एक्केचाळीस चमकी. सत्तावन्न कार्डांचे कोपरे घासलेले, तीन कार्डांवर चहाचे डाग. अशा प्रत्येक कार्डाच्या पाकिटावर अरिहंतनं बारीक अक्षरात चिठ्ठी डकवली होती: ‘वरचा डावा कोपरा, एक मिलिमीटर.’

अरिहंत नुकताच रसायनशास्त्रात एमएस्सी झाला होता. नोकरीचं अजून काही ठरलेलं नव्हतं. कार्डं पाचवीपासूनची. आई, चंदनबाला, शिवणाचे पैसे आले की त्यातले दहा रुपये त्याच्या हातावर ठेवायची आणि तो धावत जाऊन पाकीट फोडायचा. त्याच आईला गेली दोन वर्षं ऐकू येईना. आता कानाचं मशीन आठ दिवसांच्या ट्रायलवर घरी होतं. सोमवारी छत्तीस हजार भरायचे, नाहीतर मशीन परत. घरात जमले होते नऊ. उरलेले सत्तावीस या चार अल्बमांतून निघायला हवे होते, आणि आज रविवार होता.

सांगलीतल्या एका मंगल कार्यालयात महिन्यातून एकदा नाणी, तिकिटं आणि कार्डं यांचा बाजार भरे. अरिहंत पहिल्यांदाच विकायला बसला होता, आणि आल्याआल्याच त्यानं एक चूक केली. का विकतोस असं नानासोंनी विचारल्यावर त्यानं खरं कारण सांगून टाकलं, सोमवारसकट.

नानासो म्हणजे हॉलमधलं सगळ्यात मोठं टेबल. त्यांनी अल्बम चाळले, चिठ्ठ्या मोठ्यानं वाचल्या आणि म्हणाले, “आरं, तू विकायला आलायस का पोस्टमार्टेम करायला? बारा.”

“बारा हजार? नुसती चमकीच वीसची आहेत, काका.”

“आईचं मशीन म्हणालास म्हणून बारा. न्हाईतर धाच म्हणणार हुतो.”

पुढच्या टेबलवाल्यानं बारा सांगितले. त्याच्या पुढच्यानंही बाराच. दुपारी एकपर्यंत सहा जणांनी पाहिलं आणि सहाही जणांचं उत्तर एकच आलं. सहा वेगवेगळे लोक स्वतंत्रपणे मोजतात तेव्हा उत्तरं थोडी तरी पुढंमागं होतात. इथं आकडा आधी ठरला होता आणि मोजणं नंतर झालं होतं, हे अरिहंतला कळलं. पण कळून करणार काय? प्रत्येकाला माहीत होतं की तो संध्याकाळी अल्बम उचलून घरी जाऊ शकत नाही.

तेवढ्यात टेबलासमोर एक बाई येऊन उभ्या राहिल्या. पस्तिशीच्या, पायात बूट, पाठीला सॅक. त्या क्रांतीताई. नवरा सैन्यात, गाव म्हसवड. हंगामात महाबळेश्वरला पर्यटकांसाठी खेळण्यांचा आणि कार्डांचा गाळा चालवायच्या. सोबत सासरे मानसिंग, खांद्यावर टॉवेल टाकलेले, जन्मभर बकऱ्यांचा व्यापार केलेले.

क्रांतीताईंनी चमकी कार्डांचं पान उलटलं, पुन्हा उलटलं. सासऱ्यांना जरा बाजूला घेऊन कुजबुजल्या आणि परत आल्या.

“दादा, माल चांगला हाय,” त्या हळूच म्हणाल्या. “पण मला नानासोंकडनंच वर्षभर माल घ्यावा लागतो. त्यांनी ठरवलेल्या आकड्यावर मी उघड बोली लावली, तर पुढच्या महिन्यापास्नं मला फाटकीच कार्डं मिळतील.”

“मग?”

“मग आबा बघतील.”

मानसिंग खुर्ची ओढून बसले. एक पैलवान उचलून उजेडात धरला. “ह्याचं दात कुटं बघायचं?”

“आबा, कोपरं बघायचं असतं.”

“कोपरं तर कोपरं.” त्यांनी कार्ड ठेवलं आणि टॉवेल काढून अरिहंतच्या हातावर पसरला. “हात दे. हत्ता ठावं हाय?”

सांगलीच्या हळदीच्या सौद्यात पूर्वी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, हे अरिहंतनं ऐकलं होतं. केलं कधी नव्हतं. मानसिंगांनी दोन वाक्यांत शिकवलं. हिशोब हजारात. आधी दहाची बोटं, मग एक झटका, मग सुटी बोटं. अख्खा पंजा दाबला की पाच, आणि पुढची बोटं त्यात मिळवायची.

“आनि एक,” ते पुटपुटले, “काय बी झालं तरी तोंड पाडूनच ठेवायचं. आकडा हाताला कळू दे, तोंडाला न्हाई.”

टॉवेलाखाली एक बोट दाबलं गेलं. झटका. मग पंजा आणि वर एक बोट. सोळा.

अरिहंतनं तीन बोटं दाबली, झटका दिला, चार दाबली. मानसिंगांनी विस्तवावर पडल्यासारखा हात मागं घेतला. “आरं, पोरगं हाय का सावकार!”

आसपासची टेबलं हसली. नानासो लांबूनच ओरडले, “आबा, बोकड हाय का शेळी, तेवडं बगून घ्या!”

“दोनी बी न्हाई. चिठ्ठ्या लावलेला मास्तर हाय!”

पुन्हा हात टॉवेलाखाली गेला. वीस. अरिहंतनं तीस सांगितले. मानसिंग तेवीसवर आले. अरिहंतनं सत्तावीस दाबले आणि तिथंच थांबला. म्हाताऱ्याचा हात जाड, कोरडा आणि गरम होता. तोही थांबला. दोन बोटं, झटका, तीन बोटं. पुन्हा तेच. चार हजारांचं अंतर होतं. सोमवारी मशीन परत करावं लागलं, तर आई पुन्हा सगळ्यांच्या ओठांकडं बघत बसणार होती.

आणि त्याच वेळी त्याला सोनेरी ड्रॅगनची आठवण झाली. अख्ख्या संग्रहातलं सगळ्यात महाग कार्ड. कालच पाकीट बदलताना त्याच्या मागच्या बाजूला केसाएवढी दाबाची रेघ दिसली होती. ती फक्त तिरप्या उजेडात दिसे. चिठ्ठ्या संपल्या होत्या, सकाळी लिहू म्हणून राहून गेलं होतं. आत्ता गप्प बसलं असतं तर कुणाला कळणार नव्हतं. निदान आज तरी.

त्यानं हात बाहेर काढला. “काका, एक सांगायचं राहिलं.” ड्रॅगन पाकिटातून काढून त्यानं खिडकीकडं तिरपा धरला. “ही रेघ. याची चिठ्ठी नाही.”

क्रांतीताई वाकल्या. रेघ दिसायला त्यांना तीनदा मान वाकडी करावी लागली.

“कितीनं पडतंय ह्यानं?” मानसिंगांनी विचारलं.

“हजारानं.”

म्हातारा अरिहंतकडं पाहत राहिला. मग सुनेकडं पाहिलं. तिनं मान हलवली. टॉवेल पुन्हा पसरला गेला.

बावीस होणार, हे धरूनच अरिहंतनं हात दिला. दोन बोटं. झटका. पंजा. मग पंजावर आणखी तीन बोटं.

आपण चुकीचं मोजलं असं त्याला वाटलं. त्यानं बोटं हलवून पुन्हा विचारलं. पुन्हा तेच आलं, या वेळी जरा जोरानं. अठ्ठावीस.

चेहरा पाडून ठेवण्यासाठी त्याला सेंद्रिय रसायनाची तोंडी परीक्षा आठवावी लागली.

“दिलं,” तो कसाबसा म्हणाला.

टॉवेल झटकून मानसिंगांनी खांद्यावर टाकला. नानासो चहाचा कप घेऊनच आले. “कितीला गेलं, आबा?”

“टावेलाखालचं टावेलाखाली.”

“बाराच्या वर गेलंय. पोराच्या तोंडावर लिवलंय.”

“मग त्याच्या तोंडावर बी टाकू का टावेल?”

नानासो खदखदून हसले. त्यांच्या आजोबांनी हळदीत उभी हयात अशीच काढली होती. हत्त्याचा आकडा विचारायचा नसतो, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी आणखी तीन चहा सांगितले, एक अरिहंतलाही.

अल्बम क्रांतीताईंच्या जीपमध्ये ठेवताना अरिहंतचा फोन थरथरला. पूर्ण अठ्ठावीस हजार. त्याला राहवेना.

“ताई, रेघ दाखवल्यावर भाव वाढला कसा?”

“एवढी कार्डं तपासायची म्हणजे दिवस जातो,” क्रांतीताई म्हणाल्या. “न तपासता घेतो तवा लपलेल्या खोडीपायी आमी सहा हजार कापून ठेवतो. तुमचं बी कापलंवतं.”

“ज्यानं सौदा अडलेला असताना आपली लंगडी शेळी सोता दाखवली,” मानसिंग म्हणाले, “त्याच्या बाकीच्या कशाला तपासायच्या? सहा तुझं तुला परत. एक ड्रॅगनचं गेलं.”

अरिहंत त्यांच्या पाया पडायला वाकला.

“आरं, ऊठ! ही पोरगी मे महिन्यात ह्यातनं धा हजार काढती का न्हाई बघ.”

“काढू देत,” अरिहंत म्हणाला. “वीस काढू देत.” क्रांतीताईंनी जीप सुरू केली आणि काचेतून हात बाहेर काढून म्हणाल्या, “आईंस्नी आमचा नमस्कार सांगा. जरा मोठ्यानं न्हाई, साध्या आवाजातच सांगा.”

सोमवारी सकाळी त्यानं पैसे भरले. संध्याकाळी गच्चीच्या एका टोकाला आईला पाठमोरी बसवलं आणि मोजायचा टेप पसरला. त्यानं साध्या आवाजात एकेका भाजीचं नाव घ्यायचं, आईनं ते परत म्हणायचं, असं ठरलं. दहापैकी दहा बरोबर आली की तो एक पाऊल मागं सरकायचा.

“शेवगा,” आई म्हणाली. “घेवडा. पडवळ. आणि हे रे काय, मघाशी पण पडवळच म्हणालास.”

मशीन काढून: एक मीटर तीस सेंटिमीटर.

मशीन लावून: अकरा मीटर चाळीस सेंटिमीटर.